शब्द खरा, पण वाट कोणती?



संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशू आपल्याला एक साधी रीत घालून देतो. भाऊ चुकला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जावे. त्याने ऐकले नाही तर सोबत एकदोघांना न्यावे. तरीही ऐकले नाही तर मग मंडळीला सांगावे. ही शिकवण आपण भांडण मिटवण्याचा उपाय म्हणून ऐकतो आणि बहुधा तिथेच सोडून देतो. पण तिच्या पोटात एक मोठा नैतिक प्रश्न आहे. एखादी गोष्ट खरी आहे, एवढे कारण ती चारचौघांत सांगायला पुरेसे आहे का? की ती आधी कोणाला सांगितली, पूर्ण सांगितली की अर्धी, आणि सांगताना आपल्या मनात काय होते, यावरही बोलण्याचे बरेवाईटपण ठरते?

ख्रिस्तसभेच्या इतिहासात हा प्रश्न एकदा फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेचा आवाज उठला तेव्हा छापखाना हे नवे साधन माणसाच्या हाती आलेले होते. 'छापखाना नसता तर धर्मसुधारणा पसरली नसती' असे शाळेच्या पुस्तकात वाचून आपण मोठे झालो. ते बव्हंशी खरेही आहे. पण सुधारणा पसरली तशी फूटही पसरली. दोन्ही एकाच शाईने छापल्या गेल्या. म्हणून आज त्या काळाकडे जरा सावकाश पाहू या.

यंत्राला बाजू नसते

जर्मनीतील माइन्झ शहरात योहान गुटेनबर्ग याने धातूचे सुटे खिळे जुळवून छपाई करण्याची कला सिद्ध केली. सन १४५५ च्या सुमारास त्याच्या छापखान्यातून लॅटिन बायबल बाहेर पडले. त्याच्या साधारण १८० प्रती निघाल्या. एक बायबल हाताने उतरवायला जिथे लेखनिकाला महिनोन्महिने बसावे लागे, तिथे ही संख्या थक्क करणारी होती.

पण त्याच शहरात, त्याच सुमारास आणखी एक गोष्ट छापली गेली. तुर्कांपासून सायप्रस बेटाचे रक्षण करण्यासाठी निधी जमवला जात होता आणि दान देणाऱ्याला दंडमोचनाचा दाखला मिळत होता. १४५४ ची तारीख असलेले असे छापील दाखले आजही जपून ठेवलेले आहेत. मजकूर सगळा छापलेला, फक्त दात्याचे नाव आणि तारीख यांसाठी जागा कोरी!

इथे एक खुलासा हवा. दंडमोचन म्हणजे पापांची क्षमा नव्हे. क्षमा पश्चात्तापाने आणि प्रायश्चित्त संस्काराने मिळते. क्षमा मिळाल्यावरही पापाचा जो ऐहिक दंड उरतो, त्यात ख्रिस्तसभा प्रार्थना, उपवास, दानधर्म अशा सत्कृत्यांच्या जोडीने सूट देते, अशी ही शिकवण आहे. पण दानाची पावती छापील झाली आणि हजारोंनी निघू लागली, तेव्हा साध्या माणसाला दान आणि किंमत यांतला फरक दिसेनासा झाला.

पवित्र शास्त्रही छापखान्यातूनच आले आणि पुढे ज्यावरून वादळ उठले तो दाखलाही छापखान्यातूनच आला. यंत्राला बाजू नसते. आडात असेल तेच पोहऱ्यात येते.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. ल्यूथरच्या आधी बायबल लोकांच्या भाषेत नव्हतेच, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. स्ट्रासबर्ग येथे योहान मेंटेलिन याने १४६६ मध्ये जर्मन बायबल छापले आणि १५२२ पूर्वी जर्मन भाषेत संपूर्ण बायबलच्या अठरा आवृत्त्या निघाल्या होत्या. हे ग्रंथ जाडजूड आणि महाग होते, त्यांची भाषाही अवघड होती. पण ते होते. स्पेनमध्ये कार्डिनल सिस्नेरोस यांनी अनेक भाषांतील बायबल शेजारी शेजारी छापण्याचे काम विद्वानांकडून करवून घेतले. १५१६ मध्ये इरॅस्मस या कॅथलिक पंडिताने बासल येथे ग्रीक नवा करार प्रसिद्ध केला आणि शेतकऱ्याने नांगर धरताना, विणकराने माग चालवताना शुभवर्तमान म्हणावे अशी इच्छा त्याच्या प्रस्तावनेत व्यक्त केली. सुधारणेची तहान ख्रिस्तसभेच्या आतच होती. ती बाहेरून आली नाही.

पत्र गेले, उत्तर आले नाही

आता १५१७ सालाकडे येऊ. माइन्झचे आर्चबिशप आल्ब्रेख्त हे तरुण आणि राजघराण्यातले. आधीच माग्देबुर्गचे आर्चबिशपपद त्यांच्याकडे होते. १५१४ मध्ये त्यांना माइन्झचेही मिळाले. त्यासाठी रोमला भरायची मोठी रक्कम त्यांनी आउग्सबुर्गच्या फुगर या सावकारी पेढीकडून कर्जाऊ घेतली. त्यांच्या प्रांतांत दंडमोचनाची मोहीम निघाली तेव्हा ठरले असे, की जमलेल्या पैशांतला अर्धा वाटा रोममधील संत पेत्र महामंदिराच्या बांधकामाला जाईल आणि अर्ध्यातून हे कर्ज फिटेल. दान देणाऱ्या गरिबाला या दुसऱ्या अर्ध्याचा पत्ता नव्हता. योहान टेट्झेल हे डॉमिनिकन धर्मगुरू गावोगावी प्रवचने देत या मोहिमेत फिरत होते.

विटेनबर्ग विद्यापीठात शिकवणारे मार्टिन ल्यूथर हे तेव्हा ऑगस्टिनियन संघाचे व्रतस्थ धर्मगुरू होते. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्यांनी आर्चबिशप आल्ब्रेख्त यांना पत्र लिहिले आणि सोबत आपली पंचाण्णव विधाने जोडली. ती चर्चच्या दारावर ठोकली होती की नाही यावर इतिहासकारांचा वाद आहे, पण पत्राबद्दल वाद नाही. ते आजही स्वीडनमध्ये सुरक्षित आहे. म्हणजे मत्तयच्या अठराव्या अध्यायातली पहिली पायरी ल्यूथर चढले होते. ज्याच्या अधिकारात चूक घडत होती, त्याच्याकडेच तक्रार गेली होती.

पुढे काय झाले? आर्चबिशपांनी कागद विद्यापीठाकडे अभिप्रायासाठी दिले, नंतर रोमला पाठवले. पत्र लिहिणाऱ्याला मात्र त्यांनी उत्तर दिले नाही.

इकडे विधाने छापखान्यांच्या हाती लागली. १५१७ संपण्यापूर्वी न्युरेंबर्ग, लाइपझिग आणि बासल या तीन शहरांत ती छापली गेली. लॅटिनमध्ये, पंडितांच्या चर्चेसाठी तयार केलेली, काही ठिकाणी मुद्दाम टोकाची, काही ठिकाणी खुद्द लेखकालाच खात्री नसलेली अशी ती वाक्ये होती. चर्चेच्या खोलीत शोभणारी गोष्ट बाजारात आली.

पाच मार्च १५१८ रोजी न्युरेंबर्गचे विद्वान क्रिस्टोफ शॉयर्ल यांना लिहिलेल्या पत्रात ल्यूथर याबद्दल जे म्हणतात, ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांच्या सांगण्याचा आशय असा: ही विधाने इतकी पसरावीत असा आपला हेतू नव्हता. आधी जवळच्या थोड्यांशी विचारविनिमय करायचा होता. सत्य लोकांपर्यंत जाऊ नये असे नाही, पण लोकांना शिकवण्याची ही रीत नव्हे. काही मुद्द्यांबद्दल आपल्यालाच शंका आहे. असे होणार हे ठाऊक असते तर काही गोष्टी वेगळ्या शब्दांत मांडल्या असत्या किंवा गाळल्या असत्या.

आपला आजचा प्रश्न या पत्रात पुरता आलेला आहे. शब्द खरा असेल, पण वाट कोणती? ज्याच्या शब्दाने वादळ उठले त्यालाच हा प्रश्न पडला होता.

मग वाट पडत गेली

ही अडचण ओळखून ल्यूथरने त्याच वर्षी दंडमोचन आणि कृपा या विषयावर जर्मन भाषेत एक लहानशी पुस्तिका लिहिली. वीस छोटे परिच्छेद, कोणालाही समजेल अशी भाषा. मोठा कागद दोनदा दुमडला की आठ पाने होतात, तेवढ्यात मावणारा मजकूर. छापणाऱ्यालाही हे सोयीचे. बायबल छापायला वर्षे लागत आणि भांडवल अडकून पडे. अशी पुस्तिका दोनचार दिवसांत तयार, लगेच पैसा हातात. दोन-अडीच वर्षांत तिच्या वीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. बहुतेकांना वाचता येत नव्हते हे खरे, पण एक वाची आणि दहा ऐकत.

१५२० च्या ऑगस्टमध्ये जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या ल्यूथरच्या पुस्तकाच्या पहिल्या चार हजार प्रती काही दिवसांतच संपल्या. आतापर्यंत दंडमोचनाचा असलेला प्रश्न आता पोपच्या अधिकाराचा झाला होता. १५२१ मध्ये चित्रकार क्रानाख यांच्या लाकडी ठोकळ्यांवरून छापलेली चित्रांची पुस्तिका आली. एका पानावर शिष्यांचे पाय धुणारा ख्रिस्त, समोरच्या पानावर आपल्या पायांचे चुंबन घेऊ देणारा पोप. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ते समजले. कॅथलिक बाजूनेही १५२९ मध्ये योहान कोख्लेयस यांनी सात डोक्यांचा ल्यूथर छापून उट्टे काढले. एका हाताने टाळी वाजत नाही.

हळूहळू दोन्ही बाजू एकमेकांशी बोलायच्या थांबल्या आणि एकमेकांविषयी बोलू लागल्या. भावाशी बोलताना आपण त्याच्या चेहऱ्याकडे पाहतो, तो दुखावला की शब्द मागे घेतो. भावाविषयी बोलताना मात्र आपली नजर ऐकणाऱ्या गर्दीवर असते. गर्दी हसली की आपल्याला आणखी जोर चढतो. छापखान्याने ही गर्दी हजारपट केली. पण ती जमवण्याचा मोह जुनाच होता. तो आपल्या प्रत्येकाच्या मनात असतो.

या काळात आगीही पेटल्या. मार्च १५१८ मध्ये टेट्झेल यांच्या विधानांच्या सुमारे आठशे प्रती विटेनबर्गच्या विद्यार्थ्यांनी विक्रेत्याकडून हिसकावून जाळल्या. ल्यूथरला ते आवडले नव्हते. तरी १० डिसेंबर १५२० रोजी ल्यूथरने स्वतः पोप लिओ दहावे यांचा हुकूमनामा आगीत टाकला. त्याआधी ठिकठिकाणी ल्यूथरची पुस्तके जाळली गेलीच होती. ज्या शब्दाला उत्तर द्यायचे नसते तो जाळणे सोपे असते.

अर्ध्या पुस्तकाची किंमत

छापलेल्या शब्दाचा आणखी एक धोका १५२५ मध्ये दिसला. जर्मनीतील शेतकरी जमीनदारांच्या जाचाविरुद्ध उठले. आपल्या बारा मागण्या त्यांनी छापल्या आणि दोन महिन्यांत त्यांच्या वीसहून अधिक आवृत्त्या देशभर गेल्या. मागण्यांना आधार म्हणून त्यांनी पवित्र शास्त्रातील वचने दिली होती. ल्यूथरने उत्तरादाखल जे लिहिले त्यात आधी सरदारांनाच खडसावले, त्यांचा लोभ आणि जुलूम या उठावाला कारण आहे असे सांगितले, आणि शेतकऱ्यांना शांततेचा मार्ग धरायला सांगितले. मग हिंसा वाढली तेव्हा संतापून दुसरा मजकूर लिहिला. त्यात बंडखोरांना निर्दयपणे ठेचून काढा, असे सरदारांना सांगितले होते.

सुरुवातीला हे दोन्ही मजकूर एकत्र छापले गेले. पण दुसऱ्या शहरांतील छापखान्यांनी पहिला भाग सोडून दिला आणि फक्त दुसरा, कडक भाग वेगळा काढून छापला. मेच्या मध्यास फ्रांकनहाउझेन येथे शेतकऱ्यांची कत्तल झाली. ही पुस्तिका लोकांच्या हाती पडली तेव्हा हजारो शेतकरी मारले जात होते. सरदारांना खडसावणारे ल्यूथर कोणाला आठवले नाहीत. दिसला तो फक्त मारणाऱ्यांची पाठराखण करणारा.

यात दोष कोणाचा? ज्याने तसे कठोर शब्द लिहिले त्याचा आहेच. रागाच्या भरात लिहिलेले उद्या एकटेच फिरेल याचा विचार लिहिणाऱ्यानेच करायचा असतो. पण ज्याने अर्धे छापले त्याचा? आणि ज्याने अर्धे वाचून निवाडा केला त्याचा? छापणारा म्हणेल, मी एकही शब्द खोटा छापला नाही. ते खरे आहे. तरी त्याने सत्य सांगितले असे आपण म्हणू का? अर्धे खरे सांगणे ही खोटे न बोलता खोटे बोलण्याची रीत आहे.

मग गप्प बसावे का?

इथे कोणी रास्त हरकत घेईल. ल्यूथरच्या आधीही सज्जन माणसे सुधारणा मागत होती. १५१२ ते १५१७ या काळात रोममध्ये पाचवी लॅटरन परिषद भरली, चांगले ठराव झाले आणि बरेचसे कागदावरच राहिले. याच परिषदेत १५१५ साली पोप लिओ दहावे यांनी छपाईची कला ही देवाची देणगी असल्याचे म्हटले आणि पुस्तके छापण्यापूर्वी बिशपांनी तपासावीत असेही ठरवले. म्हणजे पुस्तके तपासायला माणसे होती, पण दंडमोचनाचा बाजार तपासायला कोणी नव्हते. छापखान्यातून हाक आली नसती तर कोणी जागे झाले असते का?

ही हरकत आपण टाळू नये. त्रेंतची धर्मपरिषद भरली ती १५४५ मध्ये, म्हणजे त्या पत्रानंतर अठ्ठावीस वर्षांनी. तिने १५६२ मध्ये दंडमोचनाच्या नावाने पैसे गोळा करत फिरणाऱ्यांचे पदच रद्द केले, आणि १५६७ मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैशाशी जोडलेली दंडमोचने मागे घेतली. जी गोष्ट १५१७ मध्ये एका पत्राच्या उत्तरात मान्य करता आली असती, ती अर्धे युरोप हातचे गेल्यावर मान्य झाली. वरातीमागून घोडे!

आपल्याच काळातले उदाहरण घ्या. २००२ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरात बालकांवर अत्याचार केलेल्या धर्मगुरूंना एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात हलवले जात होते, ही गोष्ट एका वर्तमानपत्राने उजेडात आणली. त्या पीडितांच्या कुटुंबांनी आधी दारे ठोठावली होती. दारे बंदच राहिली, म्हणून शब्दाला रस्त्यावर यावे लागले. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा प्रकारांची माहिती वरिष्ठांना कळवणे धर्मगुरू आणि व्रतस्थांवर बंधनकारक केले. दुबळ्याला चिरडले जात असताना 'घरातली गोष्ट घरातच ठेवा' म्हणणे ही शांतता नव्हे आणि प्रेम तर नव्हेच.

म्हणून मत्तयच्या अठराव्या अध्यायाचा अर्थ 'गप्प बसा' असा नाही. त्यात तिसरी पायरी आहे आणि ती उघड बोलण्याची आहे. प्रभू येशू बोलू नका म्हणत नाही, क्रम पाळा म्हणतो. आणि हा क्रम बोलणाऱ्याला जितका बांधतो तितकाच ऐकणाऱ्यालाही बांधतो. भाऊ एकट्याने दाराशी आला तर दार उघडणे, त्याला उत्तर देणे, हे दुसऱ्याचे कर्तव्य आहे. ते त्याने केले नाही तर पुढच्या गोंगाटात त्याचाही वाटा असतो. फुटीचा सगळा दोष छापखान्याला किंवा एका माणसाला देणे म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर काढणे होय. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही १९६४ मध्ये ऐक्याविषयीच्या आपल्या आदेशपत्रात हेच मान्य केले, की या फुटीत दोन्ही बाजूंच्या माणसांचा दोष होता.

तीच शाई, वेगळी वाट

त्याच काळात याच छापखान्याचा वेगळा वापर करणारी माणसेही होती. नायमेखन येथे १५२१ मध्ये जन्मलेले संत पीटर कॅनिसियस हे येशूसंघाचे धर्मगुरू. १५२९ मध्ये ल्यूथरने लहान मुलांसाठी आणि साध्या कुटुंबांसाठी प्रश्नोत्तरी लिहिली होती. ती किती उपयोगी आहे हे कॅनिसियस यांनी पाहिले आणि १५५५ पासून कॅथलिक प्रश्नोत्तरीची पुस्तके लिहिली. मोठ्यांसाठी एक, लहानांसाठी एक, मधल्यांसाठी एक. १५९७ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर त्यांच्या दोनशेहून अधिक आवृत्त्या निघाल्या होत्या. वादाच्या ऐन भरात लिहिलेल्या या पुस्तकांत शिव्याशाप नाहीत. कडवट शब्दांनी रोगी बरा होत नाही, दुरावतो, असे त्यांचे मत होते आणि आपल्या बाजूच्या लोकांनाही ते तसेच बजावत. संताला आपली बाजू नव्हती असे नाही. बाजू ठाम होती, पण समोरचा माणूस परत यावा ही इच्छा तिच्यापेक्षा मोठी होती.

आणखी एक गोष्ट ऐका. ल्यूथरचा जर्मन नवा करार सप्टेंबर १५२२ मध्ये निघाला. सॅक्सनीचे ड्यूक जॉर्ज यांनी त्यावर बंदी घातली आणि हिएरोनिमुस एम्झर या धर्मगुरूंकडून कॅथलिक लोकांसाठी नवा करार तयार करवून घेतला. तो १५२७ मध्ये छापला गेला. एम्झर यांनी बराचसा मजकूर ल्यूथरचाच ठेवला, खटकणारे तेवढे दुरुस्त केले. चित्रेही बरीचशी क्रानाख यांच्याच ठोकळ्यांची! एकमेकांना पाखंडी म्हणणारी दोन घरे संध्याकाळी दिव्याजवळ जवळपास तेच शब्द वाचत होती. आपण भांडत असलेला भाऊ किती जवळ असतो, याचा याहून चांगला दाखला कुठला?

या वादळाची एक वाट आपल्या दारापर्यंत येते. दोन्ही बाजूंच्या इंग्रज माणसांनी पुस्तकांपायी प्राण दिले. इंग्रजी नवा करार छापून आणणारे विल्यम टिंडेल यांना पाखंडी ठरवून १५३६ मध्ये मृत्युदंड दिला गेला. पुढे राज्याचा धर्म बदलला, आणि १५८४ मध्ये एक कॅथलिक पुस्तक छापल्याबद्दल विल्यम कार्टर या लंडनच्या मुद्रकाला फाशी झाली. १९८७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. अशा इंग्लंडमधून बाहेर पडून येशूसंघात दाखल झालेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला पोहोचले.

गोव्यात छापखाना त्याआधीच, १५५६ मध्ये आला होता. खरे तर तो इथिओपियाला जायचा होता, पण गोव्यातच राहिला आणि पुढच्याच वर्षी तिथे संत फ्रान्सिस झेवियर यांची ख्रिस्ती धर्मशिकवण छापली गेली. फादर स्टीफन्स यांनी इथल्या लोकांची भाषा मन लावून शिकली. आमच्या जुन्या पुराणांना मनाई केलीत, मग आम्हाला वाचायला दुसरे काही द्या, अशी नव्या श्रद्धावंतांची मागणी त्यांच्या ग्रंथाच्या आरंभी येते. पुस्तके काढून घेतली गेल्याची वेदनाही त्या मागणीत आहे. फादर स्टीफन्स यांनी तिला ओवीतून उत्तर दिले. १६१६ मध्ये सासष्टीतील राशोल येथे ख्रिस्तपुराण छापले गेले. भाषा मराठी, अक्षरे रोमन. ज्या माणसाच्या मायदेशात पुस्तके जिवावर बेतत होती, त्याने परक्या लोकांच्या मागणीला त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच छंदात उत्तर दिले. माइन्झच्या आर्चबिशपांना जे जमले नाही ते राशोलच्या या धर्मगुरूने केले.

आपल्या हातातला छापखाना

आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. खिळे जुळवावे लागत नाहीत, शाई लागत नाही, बोट दाबले की शंभर जणांना मजकूर जातो. धर्मग्रामाच्या हिशेबात काही खटकले, कमिटीतल्या कोणाचे वागणे आवडले नाही, धर्मगुरूंच्या प्रवचनातले एक वाक्य टोचले, की ते आधी ग्रुपवर जाते. ज्याच्याविषयी आहे त्याला ते तिसऱ्याच माणसाकडून कळते, तेही अर्धेच. 'मी खोटे काय लिहिले?' असे आपण विचारतो. बहुधा खोटे काहीच नसते. पण १५२५ च्या त्या छापखानेवाल्यानेही खोटे काही छापले नव्हते.

याच्या उलट बाजूही पाहू. कोणी सरळ मार्गाने पत्र लिहिले, सभेत हात वर करून विचारले, तर त्याला उत्तर मिळते का? की 'बघू' म्हणून कागद बाजूला ठेवला जातो? ज्यांच्याकडे कसलाही अधिकार आहे, मग तो घरातल्या वडिलांचा असो, संस्थेच्या अध्यक्षाचा असो वा वेदीजवळचा असो, त्यांनी माइन्झचे ते अनुत्तरित पत्र विसरू नये. ऐकून घेणे हा उपकार नाही, ते कर्तव्य आहे.

तेव्हा 'खरे बोलणे पुरेसे आहे का?' या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल: खरे बोलणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. शब्द बाहेर सोडण्यापूर्वी एक गोष्ट स्वतःला विचारावी. हे वाचल्यावर माझा भाऊ सुधारून माझ्या शेजारी बाकावर बसलेला मला हवा आहे, की तो उठून गेलेला मला पाहायचा आहे? पहिले हवे असेल तर आपण आपोआप आधी त्याच्याकडे जाऊ, पूर्ण गोष्ट सांगू, आणि उघड बोलायची वेळ आलीच तर त्याला परतीची वाट राहील असे बोलू.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, ल्यूथरच्या त्या पत्राच्या तारखेलाच, आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक ख्रिस्तसभा आणि लुथेरन जागतिक महासंघ यांनी नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवर एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मूळ वादातल्या मोठ्या मुद्द्यावर आपण एकमेकांच्या पुष्कळ जवळ आहोत, हे मान्य व्हायला ४८२ वर्षे लागली. त्यासाठी नवे यंत्र लागले नाही. अनेक वर्षे एका टेबलाभोवती बसून, एकमेकांचे लिखाण शेवटपर्यंत वाचावे लागले.

आपल्या घरांत आणि आपल्या धर्मग्रामात एवढी वर्षे लागू नयेत. प्रभू आपल्याला खरे बोलण्याचे धैर्य देवो, आणि कोणी खरे बोलायला दाराशी आला तर दार उघडण्याची नम्रताही देवो.